गोळ्यांचं लिहिणार नव्हतो

प्रिय बाळा,

आईच्या मोबाईलवर तुझा "पोचलो" एवढाच मेसेज बघितला. बरं झालं. परवा स्टँडवर गाडी सुटेपर्यंत मी थांबायला पाहिजे होतं, ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. मोठ्या काकांसमोर तुला तसं बोलायला नको होतं. आणि तू जे म्हणालास ना, "मी तुमचा विद्यार्थी नाहीये, मला बायोलॉजी शिकवू नका", ते तुझं बरोबरच आहे.

गोळ्यांचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. पण तू गेल्यावर आईने तुझी जीन्स धुवायला घेतली आणि खिशातून तीन रिकाम्या स्ट्रिपा निघाल्या, पॅन्टोप्राझोल ४०, तिन्ही पंधराच्या, म्हणजे ४५ दिवस, आणि हे फक्त एका खिशातलं. कुठल्या डॉक्टरने दिल्यात? का मेसच्या खालच्या मेडिकलवाल्याने?

तू तिला अॅसिडिटीची गोळी म्हणतोस, पण झालेल्या अॅसिडला ती हातच लावत नाही रे, ती पंप बंद करते. जठराच्या भिंतीत ज्या पेशी अॅसिड बनवतात त्यांच्यात हायड्रोजन-पोटॅशियम एटीपीएज नावाचा पंप असतो, उपाशी असताना हे पंप पेशीच्या आत बारीक पिशव्यांत गप्प पडून असतात आणि आपण जेवायला बसलो की वर पडद्याशी येऊन कामाला लागतात. एक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तुटला की त्यातला फॉस्फेट पंपाच्याच एका अॅस्पार्टिक आम्लावर चिकटतो, त्यासरशी पंपाचा आकार बदलतो, जे तोंड पेशीच्या आत उघडं होतं ते जठराकडे उघडतं, हायड्रोजन आयन, ज्याच्यामुळे अॅसिड अॅसिड होतं, तो बाहेर पडतो, पोटॅशियम आत येतो, फॉस्फेट सुटतो, पुन्हा पहिल्यासारखं. जठरात हायड्रोजन आयन पेशीच्या आतल्यापेक्षा १० लाख पट असतात, तेवढ्या चढावर ढकलायचं म्हणजे काय काम असेल बघ. ही गोळी रक्तातून तिथे पोचते आणि फक्त चालू असलेल्या पंपाला चिकटते, कायमची, मग पेशीने नवीन पंप बनवले की तेव्हा कुठे अॅसिड पहिल्यासारखं होतं. म्हणून ती जेवणाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. आणि तू आईला सांगितलंस की रात्री दोन वाजता अभ्यासिकेतून आल्यावर, चहा-वडापाव झाला की घेतोस.

झालं बघ, शिकवायलाच लागलो. सॉरी.

गोळी वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, ज्याला गरज आहे त्याला ती वाचवते. पण पोट का जळतंय ते न बघता महिनोन्महिने घेत राहायचं, बी-१२ कमी होतं, मॅग्नेशियम कमी होतं, आणि आपण तर घरात अंडंसुद्धा खात नाही. वर एकदम सोडलीस तर अॅसिड उसळून येतं, त्यामुळे आता घाईने बंदही करू नकोस. डॉक्टरला विचार. धाकट्या काकाचं तुला माहीतच आहे, ते मी लिहीत नाही.

आण्णांची हृदयाची गोळी बघ, डिगॉक्सिन, आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, ती पण अशाच एका पंपावर. सोडियम-पोटॅशियम पंप, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, एका एटीपीत. तुझ्या जठरातल्या पंपाचा सख्खा भाऊच, तसाच फॉस्फेट, तसाच आकार बदलणं. डिगॉक्सिन त्याला थोडासाच अडवते, मग आत सोडियम साठतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर जायचं कमी होतं आणि हृदय जोर धरतं. जरा जास्त झाली तर तीच गोळी विष. मी त्या पाच दिवशी रात्री नाडी मोजून, तारखेवर खूण करून मगच देतो. तुझ्या गोळ्यांच्या खुणा कोण करतंय तिथे?

हा सोडियमचा पंप पहिल्यांदा ओळखला डेन्मार्कच्या येन्स स्कोऊने, आरहूसला, खेकड्यांच्या पायातल्या नसा घेऊन. पेपर १९५७ ला आला आणि नोबेल मिळालं १९९७ ला, वय ७९. दरवर्षी वर्गात सांगताना माझा आवाज चढायचा, हे तुलाही आठवत असेल. तुझा हा तिसरा अटेम्प्ट आहे म्हणून हे सांगत नाहीये. म्हणजे तेही आहे थोडं. पोस्ट निघो न निघो, तू ज्या चिकाटीने बसतोयस त्याचं मला किती वाटतं ते मी काकांसमोर बोलायला पाहिजे होतं, बोललो भलतंच.

सातवीतलं आपलं मॉडेल आठवतं का? एटीपी सिंथेजचं, म्हणजे पेशीत एटीपी बनवणाऱ्या यंत्राचं, थर्मोकोलचे सहा गोळे, मधून सायकलची वाकवलेली तार. प्रोटॉन, म्हणजे तेच हायड्रोजन आयन, खालच्या चकतीतून आले की चकती फिरते, तार फिरते, आणि वाकडी असल्यामुळे भोवतीच्या तीन जागा आळीपाळीने उघडते, आवळते, सोडते, एका फेऱ्याला तीन एटीपी. तू रात्री अकरा वाजता चकती हाताने फिरवत विचारलं होतंस, "बाबा, आपण झोपल्यावर पण फिरतं का हे?" मी हो म्हणालो, तर पोटावर हात ठेवून किती वेळ गप्प पडून राहिलास. ते परीक्षक काय बोलले ते मी विसरलो, तुझा तो हात आठवतो.

आता त्याच पोटावर हात दाबून तू स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा होतास, शनिवारी पहाटे, लाईट न लावता. मी पाणी प्यायला उठलो होतो. तुला वाटलं मी बघितलं नाही.

ताई म्हणते तिच्या ओळखीचे पोटाचे डॉक्टर कर्वे रोडला आहेत, नंबर तिने तुला पाठवलाय. फीचा विचार करू नको, मी पैसे टाकलेत. वजन उतरलंय का, शी काळी होते का, रात्री दुखून जाग येते का, हे विचारतील, खरं सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

मला फक्त पहिली गोळी कधी घेतलीस ती तारीख कळव. बाकी काही विचारणार नाही.

आण्णांची नाडी बघायची वेळ झाली, थांबतो.

तुझा
बाबा