वर्गणी पाहिजे, पण यंदा डेकोरेशनसाठी नाही

नमस्कार मंडळी, हर्णै-पाजपंढरीतल्या आणि मुंबईच्या चाकरमान्यांसाठी मंडळातर्फे लिहितोय. आपल्या बंदरावरचा एक पोरगा बाहेरदेशी इंटरनॅशनल ॲमेच्युअर किकबॉक्सिंगला सिलेक्ट झालाय, पुरुषांचा ६३.५ किलो वजनगट, लो किक प्रकार. नाव टाकत नाही, त्याच्या आईला आवडत नाही, पण कोण ते तुम्हाला कळलंच असेल.

परवा नाक्यावर एकजण म्हणाला, मारामारीला कसली वर्गणी! तर बाबांनो, दोन मिनिटांचे तीन राऊंड असतात, रेफ्री असतो, पॉइंट असतात. लो किक म्हणजे मांडीवर पण लाथ मारायला परवानगी, फुल कॉन्टॅक्ट या दुसऱ्या प्रकारात ती नसते, एवढाच फरक. नियम वाको या जागतिक संघटनेचे, तिला ऑलिम्पिक समितीने २०२१ ला पूर्ण मान्यता दिलीय. खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही अजून, ते पण आधीच सांगतो, नंतर फसवलं म्हणू नका.

खरी कटकट वजनाची. पोरगं एरवी ६६ च्या आसपास असतं, आणि वजनाच्या दिवशी काटा ६३.५ च्या वर गेला तर फाईट न खेळताच परत, तिकिटाचे पैसे पाण्यात. सध्या तो रोज सकाळी मासळीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर चढतो, मासेमारी बंद आहे म्हणून काटा रिकामाच असतो, पण तो काटा टोपल्यांसाठी आहे, त्यावर शे-दोनशे ग्रॅमचा भरवसा कोण देणार. कोणाकडे चांगला डिजिटल काटा असेल तर वायच द्या, तेवढीही मदतच.

घरची परिस्थिती सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै बंदी, होडी किनाऱ्यावर शाकारून ठेवलीय, कमाई शून्य आणि नेमके आत्ताच पैसे लागतायत. विमानाचं तिकीट, व्हिसा, मेडिकल, एंट्री फी, शिनगार्ड (नडगीला बांधायचं पॅड) आणि ग्लोव्हज नवीन (जुन्यांची शिवण आम्हीच जाळं विणायच्या दोऱ्याने घातलीय). म्हणून गणपतीचं लायटिंग यंदा कमी करायचं मंडळाने ठरवलंय, काहीजण रुसलेत, रुसू देत.

मेडल आणेलच असं आम्ही बोलणार नाही. ड्रॉ नॉकआउटचा, पहिलीच हरला की संपलं. पण सेमीपर्यंत पोचला तर पुढे हरला तरी ब्राँझ पक्कं, कारण तिसऱ्या नंबरासाठी वेगळी फाईट नसते.

पैसे मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी ७ ते ९ मध्ये आणून द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. हिशोब फळ्यावर लागेल, उरले तर प्रॅक्टिसचे पॅड घेऊ.

मुंबईवाल्यांनो, पावसात खेडवरून गाडी कधी पोचेल काय नेम नाही, म्हणून तो एक दिवस आधी निघणार. एअरपोर्टजवळ एक रात्र कोणी ठेवून घ्याल का? फक्त पाहुणा आला म्हणून सुरमई तळू नका, तिकडे वजन होईपर्यंत त्याला उकडलेलंच द्या, परत आला की काय ते घाला.