सूर्यघर अनुदानाचा अर्ज भरणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,
'पीएम सूर्यघर' (घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी केंद्र सरकारचे अनुदान) योजनेचे अर्ज येत्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या कार्यालयात एकत्र बसून भरू. येताना ताजे वीजबिल, रद्द केलेला चेक आणि घराचा पुरावा आणावा.

आधी बिलावरचे नाव बघा. आमचे मीटर अजून वडिलांच्या नावावर, बँकेचे खाते माझ्या. अर्ज तिथेच अडकला. तुमचेही तसे असेल तर आधी नावात बदल करून घ्या.

- केंद्राचे अनुदान १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० रुपये, ३ किंवा अधिकला ७८,००० रुपयेच. केंद्राकडून याहून जास्त मिळेल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.
- पैसे यंत्रणा बसून, तपासणी झाल्यावर थेट तुमच्या खात्यात येतात. 'मंजुरीसाठी' कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.
- ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, मदत करणाऱ्या आमच्यापैकी कुणालाही नाही.
- विक्रेता सरकारी पोर्टलवर नोंदणीकृतच हवा. पॅनेल आणि त्यातले सेल भारतीय बनावटीचे असल्याचे कोटेशनवर लिहून घ्या, नाहीतर अनुदान मिळत नाही.

कोऱ्या कागदावर सही मागितली, तर आधी समितीला फोन करा. रात्री केलात तरी चालेल.

– सचिव