सरावाची वेळ आधी फोडू नका : अणुऊर्जा राज्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अणुऊर्जा राज्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मंगळवारी दुपारी पोस्टमनने खालूनच हाक मारली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा लाकडी जिना उतरायला मला आता पाच मिनिटं लागतात, म्हणून पाकीट त्यानेच वर आणून दिलं. आत अडीच ओळी. ‘आपण उपस्थित केलेला विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ पहाऱ्याच्या सरावाबद्दल मी लिहिलेल्या पत्रावर चौदा महिने वाट पाहायला लावली आणि अडीच ओळींत बोळवण केली. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे.

मी २६ वर्षं एका अणुप्रकल्पाच्या कुंपणावर सुरक्षा पर्यवेक्षक होतो. कुठल्या, ते लिहिणार नाही. लिहू नये, ही आम्हाला मिळालेली पहिली शिकवण आहे आणि ती मी अजून पाळतो.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एक सराव झाला. घुसखोर आला तर आमची तुकडी किती वेळात पोचते, हे पाहायचं होतं. दुपारी चारलाच निरोप आला की रात्री अकराला भोंगा होईल आणि ‘घुसखोर’ मागच्या बाजूने येतील. पावणेअकराला जवान बुटाच्या नाड्या बांधून गाडीत बसले होते, गाडी चालू होती. भोंगा झाला, मी अंधारातून धावलो आणि केबलच्या चरात पडलो. त्या चरावरचं झाकण तीन आठवडे गायब होतं. मी दोनदा रजिस्टरला नोंद केली होती, खाली सही करून. घोट्याचं हाड मोडल्याचा आवाज मला त्या भोंग्यातही ऐकू आला. आत एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले. अहवालात काय आलं? ‘प्रतिसादाची वेळ समाधानकारक. एक किरकोळ दुखापत.’

साहेब, ही किरकोळ दुखापत रात्री दोनला मला उठवते. बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन उशाशी बसते. सूरसागरला रोज संध्याकाळी एक फेरी व्हायची, ती सुटली. नातवाला खांद्यावर घेऊन गणपती बघायला जायचो, तेही गेलं. उपचाराच्या बिलातले निम्मे पैसे अजून यायचे आहेत आणि त्यासाठी केलेल्या अर्जांची फाईल माझ्या प्लॅस्टरपेक्षा जाड झाली आहे.

दवाखान्यात एक वरिष्ठ अधिकारी भेटायला आले होते. संगणकावर पूर्ण प्रकल्पाचं सिम्युलेशन, म्हणजे घुसखोरीचा नकली खेळ, तयार होतोय, तुमच्या वहीतल्या नोंदी आम्हाला हव्यात, दोन महिन्यांत बोलावतो, असं त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं. मी विश्वास ठेवला. त्या वहीत नऊ वर्षांच्या नोंदी आहेत. कधीही अचानक भोंगा वाजला की पहिला जवान जागेवर पोचेपर्यंतची वेळ मी घड्याळ पाहून लिहायचो. पाऊस होता का, धुकं होतं का, गाडीने पहिल्या किल्लीला दाद दिली का, कुत्र्यामुळे भोंगा झाला का, सगळं. खरे आकडे इथे देणार नाही. एवढंच सांगतो की त्या वेळा सरावातल्या वेळेच्या जवळजवळ तिप्पट आहेत.

या तिपटीने काय होतं, ते माझ्या पुतणीने मला समजावलं. ती संगणक अभियंता आहे. तिने एक काल्पनिक जागा घेतली, आकडेही मनचे घेतले. कुंपण कापायला १० सेकंद, मोकळं मैदान ४० सेकंद, पोलादी दार ९० सेकंद, आतली खोली ६० सेकंद. एकूण २००. जवानांना पोचायला १८० लागतात असं धरा. चोर कुंपणालाच कळला तर आपण २० सेकंदांनी जिंकलो. दारापाशी कळला तर हातात उरतात १५०, म्हणजे त्यानंतर कितीही जोरात भोंगा वाजवा, उपयोग शून्य. संगणक हाच खेळ हजारो वेळा खेळतो. कधी कॅमेरा बंद, कधी पहारेकरी पेंगलेला, कधी वाट वेगळी. त्यातून कळतं की पैसे नव्या कॅमेऱ्यावर घालायचे की दार जाड करायचं. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने हे गणित १९७० च्या दशकातच मांडलं. मी या तंत्राच्या पूर्ण बाजूने आहे. पण त्या १८० च्या जागी सरावातले, म्हणजे एक तृतीयांश, ६० लिहिले, तर तोच संगणक दारापाशी कळलं तरी चालेल म्हणून सांगेल, आणि रंगीत नकाशा काढून सांगेल.

हे माझ्या मनचे खेळ नाहीत. अमेरिकेत ओक रिज इथे वाय-१२ नावाचं ठिकाण आहे, तिथे अणुबॉम्बच्या दर्जाचं युरेनियम ठेवतात. जून २००३ मध्ये तिथे सराव झाला. चारपैकी निदान दोन प्रसंगांत पहारेकरी हरतील, असं सिम्युलेशनने सांगितलं होतं. पहारेकरी चारही जिंकले. चौकशीत निघालं की त्यांच्यातल्या दोघांना तीच सिम्युलेशन्स सरावाच्या आधी दाखवली होती. मग २८ जुलै २०१२ च्या पहाटे त्याच वाय-१२ मध्ये ८२ वर्षांची एक नन, मेगन राईस, दोन साथीदारांसह कुंपणं कापून थेट युरेनियमच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत पोचली. त्या बाजूचा कॅमेरा महिनोन् महिने बंद होता. भिंतीवर हातोडा मारल्याचा आवाज पहारेकऱ्यांनी ऐकला आणि दुरुस्तीवाले असतील म्हणून सोडून दिला.

आपल्याकडे २००९ मध्ये कर्नाटकातल्या कैगा अणुप्रकल्पात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळला गेला. आतल्याच कोणाचं तरी काम आहे, असं तेव्हा अणुऊर्जा खात्यानेच सांगितलं. आतल्या माणसाला कुंपण कापावं लागत नाही, दार तर आपणच उघडून देतो. तो तुमच्या सिम्युलेशनमध्ये आहे का? २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या संगणकात व्हायरस शिरल्याची बातमी आली, तेव्हा आधी साफ इन्कार झाला आणि दुसऱ्या दिवशी कबुली. मला त्या व्हायरसपेक्षा त्या पहिल्या दिवसाची जास्त भीती वाटते.

आणि हे एकट्या तुमच्या खात्याचं नाही. मी वडोदऱ्यात राहतो. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. ९ जुलै २०२५ ला गंभीरा पूल तुटला, वीसहून जास्त माणसं महीसागरात गेली. पूल काय एका सकाळी खिळखिळा होतो? आधी नोंदी होतात, तक्रारी होतात, कुठल्या तरी टेबलावर ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो आणि शेवटी नदीकाठी चपला गोळा करायची वेळ येते. माझ्या चरावरच्या झाकणाचं तेच झालं. फक्त तिथे माझा घोटा होता म्हणून आज मी पत्र लिहायला उरलो आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात तुमच्या सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज करायचं ठरवलं. करा. पण तितकी नवी कुंपणं उभी राहतील आणि प्रत्येकावर माझ्यासारखा कोणीतरी रात्रपाळीला असेल. त्याला विचारा. सरावाचा दिवस आणि वाट तुकडीला आधी कळता कामा नये. सिम्युलेशनमध्ये घालायच्या वेळा अचानक वाजलेल्या भोंग्याच्याच असाव्यात आणि त्या मोजणारा माणूस प्रकल्पप्रमुखाच्या हाताखालचा नसावा.

माझी वही मी निवृत्तीच्या दिवशी सीलबंद पाकिटात जमा केली. घरी आणली नाही, आणायची नसते. पावती माझ्याकडे आहे, तारीख आणि शिक्क्यासकट. ते पाकीट कोणी उघडलं आहे का, एवढं मला कळवा.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा पर्यवेक्षक
दांडिया बाजार, वडोदरा