लॉगिन होण्याआधीच सर्व्हर कनेक्शन तोडतो

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : संथ लिंकवरून एसएसएच लॉगिन होत नसल्याबाबत (तिसरे पत्र)

महोदय,

मी आपला मॅनेज्ड सर्व्हर (ज्याची देखभाल तुम्हीच करता) एसएसएचने, म्हणजे दुरून मजकुरी कमांड देऊन, वापरतो. माझी लिंक उपग्रहाची आहे आणि ती बऱ्याचदा तुंबलेली असते. पिंगची (सर्व्हरपर्यंत जाऊन परत येणाऱ्या चाचणी-संदेशाची) एक फेरी दोन-अडीच सेकंद घेते. ही माझी अडचण, त्याबद्दल तुमच्याकडे तक्रार नाही. याच लिंकवरून इतके दिवस काम होत होतं. ८० अक्षरं बाय २४ ओळींचा अख्खा स्क्रीन भरला तरी १,९२० अक्षरंच होतात. त्याला वेग कशाला लागतो?

मागच्या अपडेटनंतर मात्र लॉगिनच होत नाही. व्हर्बोज मोड (प्रत्येक पायरी दाखवणारा) लावून पाहिलं. आधी की एक्स्चेंज (गुप्त किल्ली ठरवणं), मग ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं), अशा सहा-सात फेऱ्या होतात. माझी की (पासवर्डऐवजी वापरतो ती डिजिटल किल्ली) सर्व्हरपर्यंत पोचते न पोचते तोच, बरोबर १५व्या सेकंदाला, ‘कनेक्शन क्लोज्ड’. चार दिवस घड्याळ लावून बसलो, एकदाही सोळावा सेकंद उजाडला नाही. ओपनएसएसएच या सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्राममध्ये लॉगिनसाठी मुळात १२० सेकंदांची मुदत असते. ती तुम्ही कमी केलेली दिसते. वर, असं तीनदा झालं की माझा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) २४ तास ब्लॉक! पासवर्ड चुकलेला नाही, विचारलेलासुद्धा नाही.

पहिल्या पत्राला उत्तर आलं : स्पीड टेस्ट करा. दुसऱ्याला : मॉश (संथ लिंकसाठीचा एसएसएचसारखा प्रोग्राम) वापरा. मॉश चांगलंच आहे, पण तेही आधी एसएसएचनेच लॉगिन करतं आणि मग यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवर जातं. म्हणजे पुन्हा त्याच दारात. शिवाय त्याला लागणारे ६०००० ते ६१००० हे पोर्ट तुमच्याच फायरवॉलने बंद ठेवलेत. आणि अडचणीचा व्हिडिओ अपलोड करा म्हणता, तो कोणत्या लिंकवरून करू?

लॉगिनची मुदत पूर्ववत १२० सेकंद करावी आणि अर्धवट तुटलेलं कनेक्शन चुकीचा पासवर्ड म्हणून मोजू नये. रूट (सर्व्हरच्या सेटिंग बदलायचा अधिकार) माझ्याकडे नाही, नाहीतर हे दोन ओळींचं काम मीच केलं असतं. व्हर्बोजचा लॉग साध्या मजकुरात सोबत जोडला आहे. तो जेमतेम चार केबीचा आहे.

तूर्त निदान माझा आयपी मोकळा करा. आज सकाळपासून तो पुन्हा अडकला आहे.

आपला,
एक जुना ग्राहक