देवगडातल्या त्या दोघांचे आभार

देवगडच्या बाजारात भर पावसात माझी गाडी हातात घेणारे वायरमन काका आणि त्यांच्यासोबतचा मुलगा, दोघांचेही मनापासून आभार.

काच धुवायचं बटण दाबलं की पुढच्या काचेवर पाणी उडायचं, मागच्या काचेवर थेंब नाही. आधी विचारलं तिथे सगळे 'पाणी उडवणारी मोटर बदला' म्हणत होते. काका म्हणाले, "थांबा. या गाडीत मोटर एकच आहे. वीज एका दिशेने दिली की पाणी पुढे, उलट दिली की मागे. पुढे येतंय म्हणजे फ्यूज आणि मोटर ठीक." मग त्यांनी मोटरवरच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुढचं पाणी सोडायला सांगितलं. मागची काच भिजली! नळीही मोकळी होती, दोष स्विचकडेच. मुलाने स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, तर कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट थर. आपली खारी हवा, दुसरं काय. बारीक पॉलिश पेपरने त्याने ती पिन इतक्या जपून घासली की बघत राहावं.

नवी मोटर गळ्यात मारणं सोपं होतं. तुम्ही मात्र खपून दोष शोधलात आणि घेतले फक्त चहाचे पैसे. रात्री आईला घेऊन करूळ घाट चढताना चिखल उडत होता, पण मागची काच स्वच्छ होती. देव तुमचं बरं करो.