चहाच्या आधीची गोळी

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांच्या जळजळीचा आणि तिच्यावरच्या ऑपरेशनचा विषय निघाला की बाबा 'घे, आईशी बोल' म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहितेय.

बाबा, 'एकदाचं ऑपरेशन करून टाकू, जन्माच्या गोळ्या सुटतील' असं तुम्ही म्हणालात. त्या 'सुटतील'पाशीच मी अडलेय. या ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला मफलरसारखा गुंडाळून टाके घालतात, म्हणजे पोटातलं आम्ल वर येऊ न देणारी, पण सैल पडलेली झडप आवळली जाते. चांगलं ऑपरेशन आहे, दुर्बिणीतून होतं. पण स्वीडनमध्ये ते करून घेतलेल्या २,६५५ लोकांची पाहणी २०१७ साली छापून आली. त्यात जवळजवळ १८ टक्के लोकांचा त्रास परत आला आणि त्यातले बहुतेक पुन्हा गोळ्यांवरच गेले. वय जास्त तशी ही शक्यताही जास्त. तुम्ही अडुसष्टचे आहात. शिवाय काहींना नंतर घास अडकतो, पोट फुगतं, ढेकर येत नाही. जेवण झाल्यावर ढेकर न देणारे बाबा मला तरी डोळ्यांपुढे आणता येत नाहीत!

आई, तुझी भीती वेगळी आहे. रोजच्या गोळीने हाडं ठिसूळ होतात, किडनी जाते, असं तुला कुणी ना कुणी पाठवत असतं. बाबांचीच आम्ल कमी करणारी गोळी, पॅन्टोप्राझोल, तीही ४० मिलिग्रॅमची, साडेसतरा हजार लोकांच्या पाहणीत निम्म्यांना सुमारे तीन वर्षं दिली होती आणि उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. फरक काय दिसला, तर गोळीवाल्यांना पोटाचे जंतुसंसर्ग थोडे जास्त झाले. हाडांत, किडनीत तसा फरक दिसला नाही. तीन वर्षं म्हणजे जन्म नव्हे, हे मान्य. म्हणून, फार काळ गोळी घेतली तर कमी होऊ शकणारं बी-१२ जीवनसत्त्व अधूनमधून तपासून घेऊ.

आता खरं बोलते. दिवाळीत आठ दिवस मी बघत होते. बाबा सकाळी चहा घेतात, मग पेपर, मग पोहे, आणि आठवली तर गोळी. ती खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, उपाशीपोटी घ्यायची असते, नाहीतर तिचा पुरता उपयोग होत नाही. म्हणजे 'गोळीने काही होत नाही' हे आपण अजून नीट तपासलेलंच नाही. एसटीत तीस वर्षं वेळापत्रक पाळलंत, ही एक वेळ सांभाळा. आठ आठवडे. रात्रीचं जेवण साडेसातला, आणि डाव्या कुशीवर झोपा.

तरीही रात्री आंबट पाणी घशाशी येऊन तुम्ही उठून बसत असाल, तर मी हट्ट सोडीन. जळजळीपेक्षा ते वर येणं ऑपरेशनने जास्त चांगलं थांबतं. मात्र त्याआधी नाकातून नळी घालून चोवीस तास आम्ल मोजण्याची तपासणी आणि अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी करायचीच. नुसत्या एंडोस्कोपीवर तारीख देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, मुलगी आल्यावर ठरवू.

पुढच्या महिन्यात येतेय. न्हाणीघराच्या कामातल्या उरलेल्या विटा कुणाला देऊ नका. चार लागतील, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन.

तुमची,
ताई