छोट्या काउंटीतील वाढत्या गुन्ह्यांना जबाबदार कोण?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेतील गुन्हेगारीविषयी आपल्याकडच्या वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात बहुधा शिकागो, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशा महानगरांचीच नावे असतात. मी गेली 22 वर्षे ज्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात) राहते, तिचे नाव तिच्या शेजारच्या राज्यातही फारसे कुणाला माहीत नाही. व्यवसायाने मी फार्मासिस्ट आहे. दोन वर्षांपूर्वी मी काम करते त्या औषधाच्या दुकानाचे मागचे दार एका रात्री फोडले गेले. धोक्याची घंटा वाजल्यानंतर शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयातील माणूस पोहोचायला पाऊण तास लागला, कारण त्या रात्री सबंध काउंटीत गस्तीवर एकच डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचा पोलीस) होता आणि तो दुसऱ्या टोकाला एका अपघाताच्या जागी अडकला होता. त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक सभेत मी एकच प्रश्न ऐकत आले आहे, की गुन्हे वाढले याला जबाबदार कोण. उत्तरेही ठरलेली असतात: शेरीफ ढिला आहे, न्यायाधीश आरोपींना सोडून देतात, बाहेरून आलेल्या लोकांनी गाव बिघडवले. मला ही उत्तरे पटत नाहीत. मराठी वाचकांपुढे हे मांडण्याचे कारण असे, की आपल्यापैकी अनेकांची मुले आता अशाच लहान गावांतील रुग्णालयांत आणि महाविद्यालयांत नोकरी करतात, नागरिकत्व घेतात, आणि मग तिथल्या कारभाराची जबाबदारी मतदार म्हणून त्यांच्यावरही येते.

आधी ‘वाढले’ या शब्दाविषयी. लहान काउंटीत एका वर्षी दोन खून झाले आणि पुढच्या वर्षी चार, तर खुनांचे प्रमाण दुप्पट झाले असे म्हणता येते आणि ते गणिताने खरेही असते. पण एका वर्षाच्या अशा आकड्यावरून कसलाच निष्कर्ष काढता येत नाही. देशपातळीवर 2020 मध्ये खुनांची संख्या सुमारे 30 टक्क्यांनी वाढली, आणि 2023 व 2024 या दोन्ही वर्षांत ती मोठ्या प्रमाणात खाली आली. मधल्या 2021 या वर्षी एफबीआयने माहिती गोळा करण्याची पद्धत बदलली आणि देशभरातील हजारो पोलीस दलांनी आकडे पाठवलेच नाहीत, त्यामुळे त्या वर्षाविषयी कुणी छातीठोकपणे काही सांगू लागला तर मी सावध होते. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत 1993 पासून बहुतेक दर वर्षी बहुसंख्य अमेरिकी लोक देशात गुन्हे वाढले असेच सांगत आले आहेत, प्रत्यक्षात त्या काळात हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले तरीही. याचा अर्थ लोकांची भीती खोटी आहे असा मुळीच नाही. हिंसक गुन्ह्यांपैकी निम्म्याहून कमी गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतात, आणि चोरी-घरफोडीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत उलगडा होतो तो साधारण सात-आठांपैकी एकाचा. ज्याचे दार फुटले आहे आणि ज्याला कुणी परत फोनही केलेला नाही, त्याला राष्ट्रीय सरासरी ऐकवून काय उपयोग? प्रश्न आकड्याचा आहेच, पण त्याहून अधिक तो फोन उचलला जातो की नाही याचा आहे.

इथे शेरीफ म्हणजे काय, हे समजून घ्यावे लागेल. आपल्याकडे मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे मानाचे पद आहे. अमेरिकेतील 3,000 हून अधिक काउंट्यांपैकी बहुतेकांत मात्र शेरीफ हा निवडून आलेला पोलीसप्रमुख असतो. शहरांच्या हद्दीबाहेरील गस्त, न्यायालयाची समन्स पोहोचवणे आणि काउंटीचा तुरुंग चालवणे ही सारी कामे त्याच्याकडे असतात. खटले चालवणारा सरकारी वकीलही बहुतेक राज्यांत निवडून येतो. परंतु शेरीफला कर लावता येत नाही. तिजोरीची किल्ली असते ती निवडून आलेल्या काउंटी कमिशनरांच्या हाती, आणि बऱ्याच ठिकाणी जादा मालमत्ता कर लावायचा तर त्यांनाही लोकांचे मत घ्यावे लागते. अशा रचनेत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, आणि तसे करताना प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरेही असते.

कायद्याचा आधार घ्यावा, तर तोही फारसा मिळत नाही. कोलोरॅडो राज्यातील कॅसल रॉक या गावात 1999 मध्ये एका आईने, न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून पतीने तीन मुलींना नेले आहे, हे पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगितले. पोलिसांनी काही केले नाही आणि त्या तिघी मुलींचा खून झाला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा 2005 मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला, की मनाई हुकमाची अंमलबजावणी व्हावी असा घटनात्मक हक्क त्या आईला सांगता येत नाही. म्हणजे पोलीस आलेच नाहीत, तर राज्यघटनेच्या आधारे त्यांना जाब विचारण्याची वाट जवळजवळ बंद आहे. उरते ती अर्थसंकल्प आणि मतपेटी यांची वाट.

ती वाट लोकांनी स्वतःच कशी बंद करून घेतली, याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण ओरेगन राज्यातील जोसेफाईन काउंटीचे आहे. या काउंटीचा बराच मोठा भाग संघराज्य सरकारच्या मालकीच्या जंगलाने व्यापलेला आहे. 1937 च्या एका कायद्यानुसार त्या जंगलातील लाकडाच्या उत्पन्नातला वाटा काउंटीला मिळे, आणि त्यावर कारभार इतका सुखाने चाले की मालमत्ता कराचा कायमचा दर हजार डॉलरमागे 59 सेंट इतका अल्प राहिला. 1990 मध्ये या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले, पुढे जंगलतोडीवर मर्यादा आल्या, आणि लाकडाचे उत्पन्न आटले. 2000 च्या कायद्याने संघराज्य सरकार काही वर्षे भरपाई देत राहिले. 2012 मध्ये तो आधारही संपत आला. काउंटीने जादा कराचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला. तो फेटाळला गेला. शेरीफने बहुतेक डेप्युटी कमी केले, तुरुंगातून कैदी सोडावे लागले, आणि त्याने काढलेल्या जाहीर निवेदनात घरगुती हिंसाचाराच्या भीतीखाली जगणाऱ्यांना असा सल्ला दिला होता, की पुरेशी पोलीस सेवा असलेल्या भागात राहायला जाण्याचा विचार करावा.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आठवड्याच्या सुटीच्या दिवशी, एका स्त्रीने आपत्कालीन क्रमांकावर फोन केला, की तिचा पूर्वीचा साथीदार दार फोडून आत येऊ पाहतो आहे. शेरीफचे कार्यालय बंद होते. फोन राज्य पोलिसांकडे वळवला गेला, आणि तिथल्या कर्मचाऱ्याने तिला सांगितले, की पाठवायला माझ्याकडे कुणी नाही. त्याला निघून जायला सांगता येईल का, असेही तिला विचारले गेले. तो आत शिरला आणि त्याने तिच्यावर अत्याचार केला. ही घटना देशभर गाजली. तरीही 2013 मध्ये करवाढ थोडक्या मतांनी पडली, 2014 मध्ये पडली, 2015 मध्येही पडली. काही लोकांनी बंदुका घेऊन स्वतःची गस्तपथके काढली. शेवटी 2017 मध्ये तुरुंग आणि अल्पवयीन आरोपींसाठीची व्यवस्था यांच्यापुरता कर मंजूर झाला.

या प्रकरणात जबाबदार कोण? सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक तो माणूस, ज्याने दार फोडले. त्याच्या अपराधात मी कुणालाही वाटेकरी करणार नाही. पण फोनच्या दुसऱ्या बाजूला कुणी नव्हते, याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. ती घुबडावरही टाकता येत नाही, जरी तिथे अनेकांनी तसे केले. लाकडाचा पैसा कायम राहणार नाही, हे दोन दशके दिसत होते आणि त्या काळात कमिशनरांनी लोकांना सत्य सांगून कर हळूहळू वाढवला नाही. मतदारांत तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणारे अनेक होते, सरकारवर विश्वास न उरलेलेही होते, आणि त्यांच्या अडचणी मला समजतात. तरीही चार वेळा ‘नाही’ म्हटल्यावर त्या उत्तराचे परिणाम आपलेच आहेत, हे मान्य करावे लागेल.

माझ्या व्यवसायामुळे मला या प्रश्नाची आणखी एक बाजू रोज दिसते. लहान काउंट्यांतील चोऱ्या आणि मारामाऱ्या यांचा माग काढत गेले, की वारंवार नशेच्या गोळ्यांपाशी येऊन थांबावे लागते. पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक औषध 1996 मध्ये बाजारात आणले, आणि त्याच्या व्यसनाधीनतेचा धोका कमी करून सांगितल्याचा गुन्हा 2007 मध्ये न्यायालयात कबूल करण्यात आला. वेस्ट व्हर्जिनियातील मिंगो काउंटीत, जेमतेम 400 वस्तीच्या कर्मिट या गावातील एकाच दुकानाला दोन वर्षांत हायड्रोकोडोन या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकाच्या सुमारे 90 लाख गोळ्या पुरवल्या गेल्या, हे एका स्थानिक वृत्तपत्राने उघडकीला आणले. मी स्वतः गोळ्या मोजून देते. हा आकडा एखाद्या फार्मासिस्टच्या, वितरकाच्या किंवा औषध नियंत्रकाच्या नजरेतून सुटू शकतो, यावर माझा विश्वास बसत नाही. डॉक्टरांनी गोळ्या देणे कमी केल्यावर व्यसन गेले नाही, ते हेरॉइनकडे आणि पुढे फेन्टानिल या त्याहून तीव्र अमली पदार्थाकडे वळले. आमचे मागचे दार फोडणारा मुलगा 19 वर्षांचा होता. त्याच्या आजीची औषधे मी अनेक वर्षे देत आले होते.

या व्यवहारातील तीन मोठे वितरक आणि एक उत्पादक यांच्याशी झालेली सुमारे 26 अब्ज डॉलरची तडजोड 2022 मध्ये पक्की झाली, आणि तिचे हप्ते आता राज्यांना व काउंट्यांना मिळत आहेत. हा पैसा प्रामुख्याने व्यसनावरील उपचार आणि प्रतिबंध यांसाठी आहे. आमच्या काउंटीच्या कमिशनर मंडळाने पहिल्या हप्त्यातून गस्तीच्या गाड्या घेतल्या. गाड्या हव्यात, हे पाऊण तास अंधारात उभे राहिलेल्या मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्या गाडीत बसायला डेप्युटी नाही आणि व्यसन सोडू इच्छिणाऱ्याला सर्वांत जवळचे उपचार केंद्र दीड तासाच्या अंतरावर आहे. हा निर्णय ज्या बैठकीत झाला, तिथे कमिशनर आणि कर्मचारी वगळता सहा नागरिक हजर होते. मी त्यांत नव्हते.

तुरुंगाविषयीही थोडे लिहायला हवे. 1955 मध्ये अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. ती बंद करून गावोगावी उपचार केंद्रे काढण्याचा कायदा 1963 मध्ये झाला. रुग्णालये रिकामी झाली, पण केंद्रे पुरेशी निघाली नाहीत. आज लहान काउंटीत मनोरुग्णाला रात्री ठेवायला एकच कुलूपबंद जागा उरली आहे, ती म्हणजे शेरीफचा तुरुंग. स्थानिक तुरुंगांतील बहुसंख्य लोक दोषी ठरलेले नसून खटल्याची वाट पाहणारे असतात, आणि जामिनाची रक्कम नाही म्हणून अनेकांचा तिथला मुक्काम लांबतो. आत असताना मेडिकेड ही गरिबांसाठीची आरोग्य योजना त्यांना बहुतांशी लागू होत नाही, त्यामुळे औषधोपचाराचा खर्चही काउंटीवर येतो आणि तोच पैसा गस्तीतून कमी होतो. न्यायाधीश आरोपींना सोडून देतात, अशी तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांना हा हिशेब मी अनेकदा दाखवला आहे.

बाहेरून आलेल्यांविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण तो आरोप माझ्यासारख्यांवरही होतो. टेक्सास राज्य अटक झालेल्या व्यक्तींच्या स्थलांतरविषयक दर्जाची नोंद ठेवते, आणि त्या नोंदींच्या अभ्यासांत स्थलांतरितांतील दोषसिद्धीचे प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा कमीच आढळले आहे.

शेवटची गोष्ट वृत्तपत्रांची, आणि म्हणूनच हे पत्र मी आपल्याला लिहीत आहे. 2005 नंतर अमेरिकेतील एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आणि 200 हून अधिक काउंट्यांत आज एकही स्थानिक वृत्तपत्र नाही. आमचे साप्ताहिक बंद पडले तेव्हा कुणाला विशेष वाईट वाटले नाही. पण मंडळाच्या बैठकीचा वृत्तान्त, शेरीफची आठवड्याची नोंदवही, अर्थसंकल्पातील फरक हे सारे त्यातच छापून येत असे. आता फेसबुकवर कुणीतरी अंधुक छायाचित्र टाकतो, ‘हा माणूस कोण’ असे विचारतो, आणि दोनशे लोक त्याचा निकाल लावून मोकळे होतात. गाड्या कोणत्या पैशातून आल्या, हे त्यांपैकी कुणालाच माहीत नसते.

नागरिकत्व मिळाल्यानंतरही कित्येक वर्षे मी मंडळाच्या एकाही बैठकीला गेले नव्हते. अध्यक्षीय निवडणुकीत मत दिले की आपले कर्तव्य झाले, असे मला वाटत होते. ही चूक माझी आहे आणि ती इथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत मला दिसते. पुढच्या महिन्यात आमच्या काउंटीच्या अर्थसंकल्पावर जाहीर सुनावणी आहे. प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटे मिळतात. मी नाव नोंदवले आहे, आणि तडजोडीच्या दुसऱ्या हप्त्यातून उपचार केंद्रासाठी किती रक्कम ठेवली आहे व रात्रीच्या पाळीत दुसरा डेप्युटी नेमायचा तर मालमत्ता कर किती वाढवावा लागेल, हे दोन प्रश्न लिहून तयार ठेवले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर येईल, तो कर भरायची माझी तयारी आहे, हेही मी तिथे सांगणार आहे.

आपली विश्वासू,
एक अमेरिकास्थित वाचक